झटका येईपर्यंत थांबायचं

सतत मिसिंग करणाऱ्या गाडीचं निदान तासाभरात होतं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग तिथे करंट येतो का, पेट्रोल पोहोचतं का, कॉम्प्रेशन आहे का, एवढं पाहिलं की दोष हाती लागतो. मधूनच मिसिंग करणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागू पडत नाही. ती वर्धा रोडवर झटके मारते, सिग्नलवर बंद पडते आणि गॅरेजच्या दारात आली की एकदम शहाणी होते. गिऱ्हाईक ओशाळून सांगतं, "भाऊ, आत्ता पंचशील चौकापर्यंत झटके मारून राहिली होती जी. इथं आणली का बरी झाली." अशा वेळी त्या माणसाला खोटं ठरवणं फार सोपं असतं. "काही नाही, चालवा बिनधास्त" म्हणून गाडी परत पाठवली जाते आणि पुढच्या रविवारी तीच गाडी सगळ्या कुटुंबासकट रामटेकच्या रस्त्यात उभी राहते.

नागपुरात जुन्या पेट्रोल गाड्यांवर काम करण्यात माझी उमर गेली. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, मारुती ८००, ओम्नी, जिप्सी, सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या. पद्मिनी आणि अॅम्बेसेडरमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट असायचे, बाजूला कंडेन्सर, आणि बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी कॉइल. या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मधूनच येणाऱ्या मिसिंगने. माझे उस्ताद गाडी चालवून पाहिल्याशिवाय बॉनेट उघडू देत नसत. गिऱ्हाइकाला ते आधी "काय होतं" असं विचारायचेच नाहीत. विचारायचे, "कधी होतं?" इंजिन गार असताना की गरम झाल्यावर? टाकी भरलेली होती की तळाला गेलेली? पाय दाबला होता की हलका होता? पाऊस होता का? खड्ड्यात गेली तेव्हा की सरळ रस्त्यावर? ही चौकशी कधीकधी अर्धा तास चालायची आणि पाना त्यानंतर हातात यायचा.

याचं कारण साधं आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. म्हणजे मिनिटाला ६०००. त्यातल्या मोजक्या चुकल्या तरी स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला झटका जाणवतो. पण जो पार्ट ६००० पैकी बाकीच्या सगळ्या वेळा नीट काम करतो तो टेबलावर ठेवून मीटर लावला तर चांगलाच दिसणार. त्याला वाईट करणारी परिस्थिती टेबलावर नसते, ती रस्त्यावर असते. उष्णता, ओल, हादरा, पायाचा दाब, टाकीतली पातळी, यांपैकी कोणती परिस्थिती आणली की दोष हजर होतो, हे शोधणं म्हणजेच या बिघाडाचं निदान. पार्ट बदलणं हे त्यानंतरचं हलकं काम.

हे मला पूर्ण पटलं ते एका अॅम्बेसेडरमुळे. काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराने सरकारी लिलावात घेतलेली गाडी होती. तिला नवे प्लग, नवे पॉइंट, नवी कॉइल, नवा कंडेन्सर, सगळं बसवून झालं होतं. कार्बोरेटर उघडून साफ करून झाला होता. दोनदा टायमिंग लावून झालं होतं. झटके तसेच. बागायतदार म्हणाले, "चढावर काईच नाई होत जी. भरून माणसं असली तरी मस्त खेचते. सपाट रस्त्यावर, पाय हलका ठेवला का मंग झटके मारते." हे ऐकून शेजारचे मिस्त्री हसले. कारण सगळ्यांचा अनुभव उलटा. इंजिनवर जोर पडला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर प्लग, कमजोर कॉइल, फुटलेली वायर ही सगळी मंडळी चढावर उघडी पडतात. चढावर चांगली आणि सपाटीवर वाईट, असं कसं होईल?

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी गाडी आधी सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली. पाय दाबून वर चढवली, एकही झटका नाही. मग वर्धा रोडला लावली, चाळीस-पन्नासचा वेग धरला आणि पाय हलका केला. गाडी लगेच अडखळायला लागली. पाय दाबला, नीट. हलका केला, झटके. बागायतदारांचा शब्द न् शब्द खरा होता. परत आल्यावर उस्तादांनी एकच गोष्ट केली. कार्बोरेटरपासून डिस्ट्रिब्युटरला जाणारी बारीक व्हॅक्यूमची नळी काढली, तिचं तोंड बंद केलं आणि पुन्हा वर्धा रोड. पाय हलका ठेवूनही गाडी सरळ चालली.

आता त्याचा अर्थ. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट एका फिरत्या प्लेटवर बसवलेले असतात. पाय हलका असताना कार्बोरेटरकडून व्हॅक्यूम येतं, ते प्लेटला थोडं फिरवतं आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे पेट्रोल वाचतं. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतं आणि प्लेट जागेवर परत येते. गाडी आयडलला उभी असतानाही त्या जागी व्हॅक्यूम नसतं. याचा अर्थ प्लेट फिरते ती फक्त सपाट रस्त्यावर, हलक्या पायाखाली. त्या प्लेटला करंट नेणारी एक लहानशी लवचिक वायर असते. वर्षानुवर्षं वाकून वाकून तिच्या आतल्या तारा तुटल्या होत्या, वरचं आवरण शाबूत होतं. प्लेट जागेवर असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची, फिरली की सुटायची. वायर हातात घेऊन ताणली तेव्हा आवरण रबरासारखं लांबलं. दोष सापडला तो बोटभर वायरीत. पॉइंट बदलणाऱ्या प्रत्येकाचा हात त्या वायरीला लागलेला होता, आणि प्रत्येक वेळी ती गॅरेजमध्ये चांगलीच होती.

त्या दिवसापासून गिऱ्हाइकाचं सांगणं विचित्र वाटलं की मला आनंद होतो. सगळ्या गाड्यांना लागू होईल असं वर्णन माझ्या कामाचं नसतं. "पिकअप घेत नाही", "झटके मारते" यावरून काही कळत नाही. पण "डावीकडे वळताना", "पेट्रोल भरल्यावर सुधारते", "सकाळी पूजेच्या वेळी कधीच नाही, दुपारी मुलीला आणायला गेलं की होतं" असं कोणी म्हणालं की शोधायची जागा एकदम लहान होते.

पेट्रोल भरल्यावर सुधारणारी गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती, मारुती ८००. पंधरा-वीस किलोमीटर गेली की दम सोडायची, अडखळायची. पंपावर थांबून थोडं पेट्रोल टाकलं की पुन्हा तरतरीत. त्यांची खात्री झाली होती की टाकीतलं आधीचं पेट्रोल भेसळीचं आहे, म्हणून त्यांनी पंप बदलून पाहिले होते. सरांना सवयीने सगळं वहीत लिहून ठेवायची शिस्त होती. तारीख, किती किलोमीटरनंतर, किती पेट्रोल टाकलं. वही वाचताना लक्षात आलं की पन्नास रुपयांचं टाकलं तरी गाडी तेवढीच सुधारते जेवढी टाकी फुल केल्यावर. म्हणजे गुण पेट्रोलचा नव्हता, झाकण उघडण्याचा होता. टाकीत हवा जायची वाट बंद झाली होती. पेट्रोल खर्च होत जाई तशी आत पोकळी तयार होई आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नसे. पुढच्या वेळी झटके सुरू झाल्यावर फक्त झाकण सैल करा, पेट्रोल टाकू नका, असं सांगितलं. सरांनी फोनवर कळवलं की झाकण फिरवताच हवा आत जाण्याचा आवाज आला आणि गाडी चालू लागली. हे निदान पूर्णपणे त्यांच्या वहीचं आहे. आजही मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आठवडाभर लिहून आणा, मग गाडी ठेवा.

नागपूरचा मे महिना ही या कामाची वेगळीच शाळा आहे. बाहेर ४५-४६ अंश असताना बॉनेटखाली काय असेल याचा विचार करा. या दिवसांत पद्मिनी दुपारी बंद पडली की प्रत्येकाचं निदान ठरलेलं असायचं, पेट्रोल पंप गरम झाला, पेट्रोलची वाफ झाली. पद्मिनीचा पंप इंजिनलाच लागून बसलेला, त्यामुळे हे खूपदा खरंही असायचं. उपायही सगळ्यांना पाठ. गाडी झाडाखाली घ्यायची, पंपावर ओलं फडकं टाकायचं, वीस मिनिटांनी निघायचं. पण या उपायातच निदान फसवणारी एक गोष्ट आहे. वीस मिनिटांत पंप गार होतो तशी कॉइलही गार होते, कंडेन्सरही होतो. गाडी सुरू झाली म्हणून दोष पंपाचाच होता असं सिद्ध होत नाही.

अजनीत राहणाऱ्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांच्या पद्मिनीचा पंप याच कारणाने दोनदा बदलला गेला होता. मी त्यांच्या शेजारी बसून दुपारी दोनला बुटीबोरीच्या दिशेने निघालो. गाडी बंद पडण्याची पद्धत पाहायची होती. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी मंदावते, पाय दाबला तर आणखी दबते, मग हळूहळू थांबते. करंट जातो तेव्हा एका क्षणात जातो, आधी सूचना नसते, आणि परत आला तर सायलेन्सरमध्ये जमलेल्या पेट्रोलचा फटाका फुटतो. काकांच्या गाडीने एकदम झटका दिला, फटाका वाजला, आणखी दोन झटके आणि बंद. बॉनेट उघडून मी ओलं फडकं पंपाऐवजी कॉइलच्या पत्र्याच्या अंगावर गुंडाळलं, वरच्या टोकाला पाणी लागू न देता. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. पंप तेव्हाही हात लावता येणार नाही इतका तापलेला होता. कॉइलच्या आतल्या वेटोळ्यातली तार कुठेतरी तुटायला आलेली होती. तापली की सुटायची, गार झाली की जुळायची. गॅरेजमध्ये सकाळी मीटर लावला तेव्हा ती अगदी बरोबर आकडा दाखवत होती. दुसरी कॉइल लावून भर दुपारी पुन्हा तोच रस्ता तुडवला तेव्हाच काकांना गाडी दिली.

या कामासाठी मी एक साधा बल्ब वापरतो. कॉइलला येणाऱ्या करंटच्या टोकाला लांब वायर जोडून बल्ब डॅशबोर्डवर आणायचा आणि गाडी चालवायची. झटका आला त्याच क्षणी बल्ब विझला तर कॉइलच्या मागे जायचं, फ्यूज, वायरिंग, इग्निशन स्विच. बल्ब पेटलेला राहिला तर कॉइलच्या पुढे शोधायचं. एका ओम्नीत हा बल्ब प्रत्येक स्पीडब्रेकरवर विझायचा. किल्लीला घराच्या, दुकानाच्या, तिजोरीच्या किल्ल्यांचा मोठा जुडगा लटकत होता. त्या वजनाने इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजले होते.

पावसाळ्यात दोष बदलतो, तपासायची वेळही बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी मिसिंग करून दहा वाजता सुधारणाऱ्या गाड्या येतात. मारुती ८०० तीन सिलिंडरची, त्यातला एक गेला तर सगळी गाडी थरथरते, लपत नाही. अशी गाडी मी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतो. अंधार पडला की शटर निम्म्यावर ओढायचं, दिवे घालवायचे, इंजिन चालू करायचं आणि प्लगच्या वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा बारीक तुषार मारायचा. वायरीचं आवरण फुटलेलं असेल तिथून निळी ठिणगी बाहेर उडी मारताना दिसते. कधी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत पेन्सिलने ओढावी तशी काळी रेघ सापडते. तिथून करंट रोज वाट काढत असतो, ओल आली की त्याला ती वाट आणखी सोपी होते. दिवसाच्या उजेडात यातलं काही दिसत नाही. गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या पोरांना मी हे मुद्दाम दाखवतो. एकदा ती निळी ठिणगी पाहिली की इन्शुलेशन म्हणजे काय ते पुन्हा सांगावं लागत नाही.

या धंद्यातल्या एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो. मधूनच येणाऱ्या मिसिंगची गाडी माझ्याकडे येते तेव्हा बहुधा तिच्यात सगळं नवीन असतं. एकाच दिवशी प्लग, वायरी, टोपी, रोटर, कंडेन्सर बदललेले. त्याने दोन नुकसानं होतात. दोष गेला तरी तो कशात होता हे कळत नाही, आणि राहिला तर आता जुन्या दोषासोबत एखादा नवाही आत आलेला असू शकतो. जुन्या गाड्यांच्या पार्टांची अवस्था आज अशी आहे की डबीतून काढलेला नवा कंडेन्सर आठवडाभरात दगा देऊ शकतो. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटून गेली, मारुती ८०० चं २०१४ मध्ये थांबलं. बाजारात मिळतं ते कोणी, कुठे बनवलं हे डबीवरून ओळखता येत नाही. म्हणून मी चालू गाडीतून निघालेले, खात्रीचे जुने कंडेन्सर आणि कॉइल जपून ठेवतो. तपासणीसाठी नव्या पार्टपेक्षा माहितीतला जुना पार्ट भरवशाचा.

आणि एका वेळी एकच बदल. दोन नंबरच्या सिलिंडरवर संशय असेल तर त्याचा प्लग तीनला लावायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. मिसिंग तीनला गेली तर प्लग, दोनलाच राहिली तर पुढे वायर, मग कॉम्प्रेशन. ही रीत इंजेक्शनच्या गाड्यांनाही तशीच लागू पडते. आता स्कॅनर लावला की पी०३०२ असा कोड येतो, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर चुकतो आहे. स्कॅनर चांगलं यंत्र आहे, माझं कितीतरी काम त्याने हलकं केलं. पण तो कुठे हे सांगतो, कशाने हे सांगत नाही. तेवढ्यासाठी अजूनही कॉइल इकडची तिकडे करून गाडी रस्त्यावर काढावी लागते.

पैशांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पैसे देतं. दोन दुपारी गाडी फिरवून बोटभर वायर बदलली तर त्याला वाटतं की दहा रुपयांच्या कामाचे एवढे कसे घेतले. त्यामुळे शोधण्यापेक्षा बदलण्याकडे मिस्त्रीचा कल जातो, आणि त्यात सगळा दोष मिस्त्रीचा नाही. मी गाडी ठेवून घेतानाच सांगतो की पैसे शोधण्याचे लागतील, पार्ट निघाला तर त्याचे वेगळे. काही लोक उठून जातात. जे थांबतात ते वर्षानुवर्षं येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवायचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं. एवढं भरून जो गाडी ठेवतो त्याला ती खरंच हवी असते, आणि अशा माणसाशी सरळ बोललं की त्याला पटतं.

अलीकडे कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये एक नवीनच मिसिंग वाढली आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. या गाड्या बनल्या तेव्हा त्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा, फ्लोटखालची सील त्याचा विचार करून बनवलेली नव्हती. जुनं रबर फुगतं, आतून सुटायला लागतं, त्याचा बारीक कण जेटवर येऊन बसतो. गाडी अडखळते. पाय सोडला की कण खाली जातो आणि गाडी पुन्हा नीट. जेट उघडून पाहावा तर स्वच्छ. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बसवलेलं मिश्रण पातळ पडतं आणि हलक्या पायाला ठिणगी पडूनही ते नीट पेटत नाही. प्लगचं टोक बिस्किटी रंगाऐवजी पांढरट निघतं. महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाड्यांत इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं आणि टाकीच्या तळाशी पाणी जमू शकतं.

अशा गाडीत मी आता सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करतो. टाकीतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला तर आधी टाकी रिकामी करायची. मग टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे घालायचे, पंपाचा पडदा बदलायचा, आणि पारदर्शक फिल्टर बसवून पंधरा दिवसांनी गाडी परत बोलवायची. फिल्टरमध्ये काळे कण पुन्हा दिसले तर एखादा जुना तुकडा अजून आत राहिलेला असतो. बहुधा तो टाकीच्या वर, सीटखाली, जिथे हात पोचत नाही त्या छोट्या परतीच्या पाइपमध्ये असतो.